झोपलेल्या पेशंटला रात्रीचं इंजेक्शन द्यायचं का?

पत्र थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, लहान खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या स्टाफ नर्सचं हे पत्र आहे. मोटारसायकलवरून पडून पाय मोडलेला चाळिशीतला एक शेतकरी त्यांच्या वॉर्डात दाखल झाला. दारूबद्दल विचारल्यावर घरच्यांनी 'कधीतरी घेतात' एवढंच सांगितलं. दुसऱ्या रात्री त्याचे हात थरथरायला लागले, अंगाला घाम फुटला आणि 'जनावरं सोडायची राहिलीत' म्हणत तो सलाईन उपटून उठायला लागला. दारू अचानक सुटल्याची ही लक्षणं. डॉक्टरांनी दर आठ तासांनी लोराझेपाम हे गुंगी आणणारं इंजेक्शन आणि जोडीला भास व आरडाओरडा शमवणारं हॅलोपेरिडॉल लिहिलं. पेशंट शांत झाला, पण ऑर्डर बदलली नाही. चौथ्या रात्री तो गाढ झोपेत असतानाही, चार्टवर आहे म्हणून सिस्टरांनी इंजेक्शन दिलं. सकाळी बायकोने अर्धवट झोपेतच पेज भरवली, ठसका लागला, न्यूमोनिया झाला आणि त्याला शहरातल्या आयसीयूत हलवावं लागलं. तो वाचला. सिस्टरांची पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयातली मैत्रीण सांगते, 'आम्ही आधी लक्षणांचे गुण मोजतो, गरज असेल तरच इंजेक्शन देतो.' हे आपल्या सरांना सांगितल्यावर उत्तर आलं, 'डीटीत (दारू सुटतानाच्या भ्रमात) गेला तर रात्री तू सांभाळणार का?' सिस्टरांचे तीन प्रश्न आहेत. दारू सोडताना झोपेची इंजेक्शनं कमी देणंच बरोबर ना? चार्टवर लिहिलेलं इंजेक्शन मी स्वतःहून थांबवू शकते का? आणि नोकरी न गमावता सरांना हे पटवायचं कसं?

सिस्टर,

सरांच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. ते तुम्हाला टोचलं, यात नवल नाही. पण घटकाभर त्यातला टोमणा काढून ठेवा आणि उरलेला प्रश्न ऐका. तुमच्या पत्रावरून दिसतं की रात्री वॉर्डात तुम्ही आणि एक मावशी, आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, खाली कॅज्युअल्टीत, आणि सर घरी. असा डॉक्टर संध्याकाळच्या राउंडला जी ऑर्डर लिहितो, ती पेशंटइतकीच त्या रात्रीसाठीही असते. आपल्याला दिसणार नाही अशा आठ तासांत काही विपरीत घडू नये, म्हणून तो जास्तीचं लिहून ठेवतो. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही. पण आळस किंवा अज्ञान हे त्यामागचं कारण मानून बोलायला गेलात, तर संभाषण पहिल्या मिनिटाला संपेल. त्यांची भीती खोटी नाही, एवढं आधी मान्य करा.

ती का खोटी नाही? वर्षानुवर्षं रोज दारू पिणाऱ्याच्या मेंदूत एक रस्सीखेच चाललेली असते. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू उलट्या बाजूने जोर लावून स्वतःला जागं ठेवतो. दारू अचानक थांबली की समोरच्याने दोर सोडल्यासारखं होतं आणि इकडचा सगळा जोर मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट यायचीच असेल तर ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. आणि ज्याला आपण सगळे डीटी म्हणतो तो भ्रम, म्हणजे माणसं न ओळखणं, नसलेली जनावरं दिसणं, ताप, वर गेलेलं बीपी, हा साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दिसतो. तुमचा पेशंट या वेळापत्रकात तंतोतंत बसतो. दारू थांबवणाऱ्या बहुसंख्य लोकांना डीटी होत नाही, पण ज्याला होतो तो उपचाराविना मरू शकतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नातल्या 'कमी देणंच बरोबर ना' यातल्या 'च'बद्दल मला शंका आहे. लोराझेपाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही या आजारातली मुख्य औषधं आहेत. फिट आणि डीटी टाळायला ती लागतात. काही पेशंटना तुमच्या सरांनी लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतात आणि तीही घाईने. पेशंटला चार दिवस आडवा पाडणं हे मात्र त्यांचं काम नाही. शांत पडून आहे, पण हाक मारली की डोळे उघडून नाव सांगतो, ही अवस्था आपल्याला हवी. त्याच्या अलीकडे थांबलो तर फिटचा धोका, पलीकडे गेलो तर ठसक्याचा.

तुमची मैत्रीण सांगते ती पद्धत पक्क्या पायावर उभी आहे. १९८९ साली 'सीवा-एआर' नावाचं दहा मुद्द्यांचं कोष्टक प्रसिद्ध झालं. मळमळ, थरथर, घाम, अस्वस्थता, चुळबुळ, त्वचेवरचे भास, कानाचे भास, डोळ्यांचे भास, डोकेदुखी आणि भान अशा दहा गोष्टींना गुण द्यायचे. एकूण कमाल ६७. साधारण आठ-दहाच्या खाली बहुतेकांना औषध लागत नाही. वर गेलं की डोस द्यायचा, तासाभराने परत मोजायचं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात १०१ पेशंटवर याची परीक्षा झाली. निम्म्यांना ठरलेल्या वेळी क्लोरडायझेपॉक्साइड, निम्म्यांना लक्षणं दिसली तरच. ठरलेल्या वेळी घेणाऱ्यांना मध्यकाने, म्हणजे रांगेतल्या मधल्या पेशंटला, ४२५ मिलिग्रॅम लागलं आणि उपचार ६८ तास चालले. दुसऱ्या गटाला १०० मिलिग्रॅम आणि ९ तास पुरले. आठ वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये ऑक्साझेपाम हे त्याच जातीचं औषध वापरून ११७ जणांवर असाच अभ्यास झाला. तिथे लक्षणांवर चालणाऱ्या गटातल्या सुमारे ४० टक्के लोकांनाच औषध द्यावं लागलं. बाकीचे चहा-पाणी, दिलासा आणि देखरेखीवर पार पडले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०१० च्या मार्गदर्शनात दाखल पेशंटसाठी हीच पद्धत सुचवली, पण त्यासाठी चोवीस तास देखरेख हवी.

हे आकडे सरांपुढे ठेवायचा मोह होईल. थांबा, कारण सर हुशार असतील तर लगेच विचारतील की हे पेशंट कोण होते. दोन्ही अभ्यासांतले लोक दारू सोडण्यासाठीच दाखल झालेले होते. पाय मोडलेला, ताप आलेला, लिव्हर गेलेला माणूस त्यांत नव्हता. अमेरिकेतल्या अभ्यासात तर पूर्वी फिट आलेल्यांना घेतलंच नव्हतं. तुमच्या वॉर्डात असले निवडक पेशंट येत नाहीत.

मग साध्या मेडिकल वॉर्डात काय होतं? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००१ साली याचं उत्तर दिलं, आणि मला ते जास्त बोलकं वाटतं. इतर आजारांसाठी दाखल झालेल्या लोकांमध्ये ही पद्धत आणल्यावर औषधाची एकूण मात्रा फारशी बदललीच नाही. डीटीचं प्रमाण मात्र २० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. म्हणजे ज्यांना नको होतं त्यांचं वाचलं आणि ज्यांना हवं होतं त्यांना वेळेवर मिळालं. त्याच मेयो क्लिनिकने काही वर्षांनी आपलेच १२४ पेशंट तपासले तेव्हा दिसलं, की हे कोष्टक वापरायला योग्य असे त्यांत फक्त ६० होते. उरलेल्यांपैकी कुणी अलीकडे दारू घेतलेलीच नव्हती, तर कुणी प्रश्नांना उत्तर द्यायच्या अवस्थेत नव्हतं. कोष्टक चांगलं होतं, आधी विचार न करता चार्टला टाचलं गेलं होतं.

तेव्हा मी तुमचा प्रश्न असा मांडेन: आमच्या वॉर्डात दारूच्या पेशंटकडे रात्री किती वेळा नीट पाहिलं जातं? औषध कमी करायचं असेल तर खाटेपाशी जाणं वाढवावं लागतं. फेऱ्या न वाढवता नुसती इंजेक्शनं कमी केली, तर सरांची भीती महिन्याभरात खरी ठरेल आणि ठपका तुमच्यावर येईल.

माझं मत विचाराल तर तुमच्या रुग्णालयात पुण्याची पद्धत उद्यापासून जशीच्या तशी आणू नये. रात्री एका सिस्टरकडे वीस खाटा असतील, तर निव्वळ लक्षणांवर चालणं धोक्याचं आहे. ठरलेला डोस दिवसागणिक उतरवत नेणं ही जुनी पद्धत अशा ठिकाणी अजूनही ग्राह्य आहे. खटकतं ते इतकंच की तुमच्याकडे डोस उतरलाच नाही आणि तो कधी रोखायचा हे कुणी लिहिलं नव्हतं. राउंडला 'सीएसटी' लिहिलं गेलं, तेच चालू ठेवा, आणि चौथ्या रात्रीही दुसऱ्या रात्रीचाच उपचार चालू राहिला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. स्वतःच्या मताने औषध बंद करणं किंवा मात्रा बदलणं तुमच्या अधिकारात नाही. डोस देण्याआधी पेशंट पाहणं आणि देणं धोक्याचं वाटलं तर हात थांबवून डॉक्टरांना फोन करणं, हे मात्र तुमच्या कामातच येतं. फोन केला, अमुक वाजता केला, सरांनी असं सांगितलं, हे नर्सिंग नोट्समध्ये लिहा आणि तोंडी ऑर्डर सकाळी सहीने पक्की करून घ्या. पण दर रात्री फोन करायची वेळ येऊ नये यासाठी ऑर्डरमध्येच एक ओळ हवी. 'डोस देण्यापूर्वी पेशंटला उठवून पाहावे. हाकेला नीट उत्तर देत नसेल, श्वास मिनिटाला १२ पेक्षा कमी असेल किंवा सॅच्युरेशन उतरलेले असेल तर डोस रोखून डॉक्टरांना कळवावे.' याच्या जोडीला दुसरी ओळ, तितकीच महत्त्वाची: 'थरथर, घाम, भास वाढल्यास एवढा जादा डोस द्यावा, तासाने पुन्हा पाहावे, तरी आटोक्यात नसल्यास फोन करावा.' किती, ते सर लिहितील. पहिल्या ओळीने तुमच्या पेशंटचा न्यूमोनिया टळण्याची शक्यता वाढली असती. दुसरीमुळे सरांना झोप लागेल.

त्या रात्रीचं सगळं ओझं एकट्या स्वतःवर घेऊ नका. ऑर्डरमध्ये ती ओळ नव्हती, घरच्यांनी दारू लपवली होती, आणि माझा अंदाज आहे की मोडलेल्या पायासाठी ट्रामाडॉल हे वेदनाशामकही चालू असेल. ते फिटचा धोका वाढवतं आणि गुंगीतही भर घालतं. लोराझेपाम, हॅलोपेरिडॉल आणि ट्रामाडॉल एकत्र आले तर ठसक्याला निमित्तच हवं असतं. अस्थिरोगतज्ज्ञ एक औषध लिहितात, फिजिशियन दुसरं, आणि दोन्ही एकाच शिरेत जाताना बघणारी तुम्ही एकटीच असता. म्हणून पाळी बदलताना हँडओव्हरला दारूच्या पेशंटची गुंगी आणणारी सगळी औषधं एका दमात मोठ्याने वाचायची सवय लावा.

हॅलोपेरिडॉलबद्दल थोडं. आपल्याकडे आरडाओरडा करणाऱ्या पेशंटला 'सेरेनेस-फेनर्गन द्या', म्हणजे हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन, हे हातासरशी होतं. भास फार असतील आणि मूळ औषध पुरेसं दिलेलं असेल तर थोडं हॅलोपेरिडॉल जोडीला चालतं. दारू सुटतानाच्या आजारात एकटं मात्र नाही. ते फिट रोखत नाही, उलट फिटचा उंबरठा खाली आणतं. १९६९ साली अमेरिकेत पाचशेहून जास्त पेशंटवर झालेल्या तुलनेत हॅलोपेरिडॉलच्याच गटातलं क्लोरप्रोमाझिन मिळालेल्यांना क्लोरडायझेपॉक्साइडवाल्यांपेक्षा फिट आणि भ्रम जास्त झाले. पन्नास वर्षांहून जुनी गोष्ट आहे, तरी सवय जात नाही. आणखी एक, डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड कमरेत टोचू नये, स्नायूतून ते कधी आणि किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. शीर मिळत नसेल तर लोराझेपाम स्नायूतून चालतं. लिव्हर खराब असेल किंवा वय झालेलं असेल, तरीही लोराझेपामच बरं, कारण ते शरीराबाहेर टाकायला लिव्हरला कमी खटाटोप पडतो. लोराझेपामचे अँप्युल फ्रिजमध्ये आहेत ना, एवढं मात्र स्टोअरमध्ये विचारा.

काही पेशंट असे असतात की त्यांच्या बाबतीत लक्षणांची वाट बघायचीच नाही. पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आलेली किंवा डीटी झालेला, अंगात दारू असतानाच थरथरणारा, सोबत मोठा आजार किंवा ऑपरेशन असलेला, असा पेशंट दिसला की सरांना पहिल्याच तासात सांगा. दारू सोडण्याचे झटके दर खेपेला आधीपेक्षा उग्र होत जाऊ शकतात, म्हणून 'मागच्या वेळी काय झालं होतं?' हा प्रश्न 'किती पिता?' याहून जास्त उपयोगी आहे. त्याचं उत्तरही लोक खरं देतात.

मग उलट बाजू. थरथरतोय, बडबडतोय म्हणजे दारूच, असं धरून चालू नका. मोटारसायकलवरून पडलेल्याच्या डोक्यात रक्त साचलेलं असू शकतं. आधी बरा होता आणि मग गुंगला, एक बाहुली मोठी दिसते, उलट्या थांबत नाहीत, तर सीटी स्कॅन झाल्याशिवाय त्याला झोपवून ठेवू नये. साखर उतरली तरी घाम आणि थरथर असते. ग्लुकोमीटरला मिनिट लागतं, ते पहिलं करा. सोडियम घसरणं, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, न शमलेली वेदना, हे सगळे चुळबुळीचे गुण वाढवतात. आणि लिव्हर निकामी झालेल्याचा भ्रम तर वेगळाच असतो. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, हात पुढे करायला लावले की पंजे फडफडतात. त्याला लोराझेपाम दिलं तर तो आणखी बुडतो. त्याला संडास साफ करणारं लॅक्ट्युलोज लागतं. अशा वेळी गुणांची बेरीज दिशाभूल करते. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी हे कोष्टक नाहीच.

थायमिन विसरू नका. बी-१ हे जीवनसत्त्व रोज पिणाऱ्याच्या शरीरात तळाला गेलेलं असतं. ते न भरता नुसतं डेक्स्ट्रोजचं सलाईन चढवत राहिलं, तर डोळे फिरणं, तोल जाणं, गोंधळणं सुरू होऊ शकतं, आणि काहींची स्मरणशक्ती कायमची जाते. गुंगीत असलेल्या पेशंटमध्ये हे झाकून जातं, म्हणून थायमिन इंजेक्शनातून आणि लवकर द्यायचं. साखर उतरली असेल तर ग्लुकोज मात्र अडवून धरू नये, दोन्ही एकदमच द्यावं. मॅग्नेशियम, पोटॅशियमही बघायला सांगा.

आता खाटेपाशी प्रत्यक्ष करायचं काय. त्या कोष्टकाचं काम इंग्रजी छापील कागदावर भागत नाही. प्रश्न पेशंटला कळतील असे विचारा. 'अंगावर मुंग्या-किडे चालल्यासारखं वाटतं का?' 'कुणी हाक मारल्यासारखी ऐकू येते का?' 'उजेड खुपतो का? भिंतीवर काही हलताना दिसतं का?' 'डोक्याला घट्ट पट्टा आवळल्यासारखं होतंय का?' भान तपासायला मूळ कोष्टकात बेरजा करायला लावतात. शाळेत न गेलेल्याला त्या आपल्याकडे काय सांगणार? गावच्या बाजाराचा वार कोणता, आज कोणता वार, ही खाट कुठल्या गावात आहे, हे विचारा. थरथर पाहायला हात पुढे, बोटं फाकून. दिसत नसेल तर आपली बोटं त्याच्या बोटांच्या टोकांना लावा, हलकी थरथर हाताला कळते. हे सगळं दोन-चार मिनिटांत होतं. बीपी, नाडी तुम्ही घेताच, त्याच फेरीत करा. आणि प्रत्येक वेळी गुणांशेजारी एक रकाना जोडा: 'हाकेला जागा होतो / हलवल्यावर होतो / होत नाही'. तोच रकाना ठसका टाळतो.

ठसक्यावरून आठवलं. बायकोने पेज भरवली यात तिचा दोष नाही, नवरा उपाशी आहे असंच तिला दिसत होतं. पूर्ण जागा होऊन, बसवून, आधी एक घोट पाणी नीट गिळल्याशिवाय तोंडाने काही नाही, हे नातेवाइकांना तुम्ही स्वतः सांगा. मावशींवर सोपवू नका.

नातेवाईक हा तुमचा बिनपगारी नाइट स्टाफ आहे, त्यांचा उपयोग करा. ओळखीचा एक माणूस उशाशी बसून 'आपण दवाखान्यात आहोत, पाय मोडलाय, जनावरं धाकट्याने सोडली' असं शांतपणे सांगत राहिला, मंद दिवा चालू ठेवला, चष्मा डोळ्यांवर दिला, अधूनमधून पाणी पाजलं, तर एखादं इंजेक्शन वाचतं. चार पाहुण्यांचा घोळका आणि 'बघा, दारू प्या अजून' असले टोमणे मात्र दाराबाहेर. बँडेजने हात बांधायची घाईही नको. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारूशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही आपल्या व्याख्येत घेतो, आणि तात्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, तज्ज्ञाच्या परवानगीने, तेवढ्याच वेळेपुरतं बांधायला मुभा देतो. तशी वेळ आलीच तर कारण आणि वेळ लिहून ठेवा.

तिसरा प्रश्न, सर. राउंडमध्ये, पेशंटसमोर किंवा त्या न्यूमोनियाचा संदर्भ देऊन बोलू नका. तसं केलंत तर ते आपली ऑर्डर राखत बसतील आणि तुम्ही ती खोडत बसाल. आधी इन्चार्ज सिस्टरांना सोबत घ्या, एकटीने जाऊ नका. गेल्या काही महिन्यांचे दारूचे पेशंट काढा आणि नावं न घालता एका कागदावर मांडा: कितव्या दिवशी लक्षणं दिसली, इंजेक्शनं किती दिवस चालली, फिट किती, पडणं किती, ठसका किंवा न्यूमोनिया किती, वॉर्डातले दिवस किती. निष्कर्ष काढू नका. सरांना कागद द्या आणि म्हणा, 'सर, रात्री आम्ही सांभाळायला तयार आहोत, पण आम्हाला लिहून द्या काय बघायचं आणि कधी तुम्हाला उठवायचं.' त्यांच्या प्रश्नाला हे सरळ उत्तर आहे. मग मागणी लहान ठेवा: डोस रोखायची आणि वाढवायची त्या दोन ओळी, थायमिन पहिल्या दिवसापासून, आणि तिसऱ्या दिवसापासून डोस रोज नव्याने लिहायचा, 'सीएसटी' नाही. गुणांचं कोष्टक पुढच्या एखाद्या सरळ केसला, पूर्वी फिट न आलेल्या, शुद्धीतल्या पेशंटला, तेही दिवसपाळीपासून सुरू करून बघू, असं सुचवा. जमलं तर पुढचा. सर तरीही नाही म्हणाले, तर पेशंटला उठवून बघणं आणि नोट लिहिणं हे कुणाच्या परवानगीवाचूनही चालू ठेवता येतं. महिन्याभराच्या अशा नोट्स आपोआप बोलायला लागतात.

ज्यांच्या घरचं कुणी दाखल होणार आहे अशा वाचकांनाही सांगायला हवं. रोज क्वार्टर घेणारा माणूस कुठल्याही कारणाने रुग्णालयात गेला, तर दाखल करतानाच डॉक्टरांना बाजूला घेऊन तीन गोष्टी सांगा: रोज किती, शेवटची कधी, आणि पूर्वी बंद केल्यावर काय झालं होतं. इभ्रतीपोटी लपवलेली दारू दुसऱ्या-तिसऱ्या रात्री स्वतःच बोलते, आणि तेव्हा घरच्यांना वाटतं भूल डोक्यात गेली किंवा कुणी काही केलं. ठरलेलं ऑपरेशन असेल तर आधीच्या आठवड्यात घरच्या घरी एकदम दारू तोडू नका, डॉक्टरांशी बोलून ठरवा. पेशंट हाकेला उठत नसेल तर 'बरं झालं, झोपलाय' असं म्हणू नका, सिस्टरांना बोलवा.

डिस्चार्जच्या वेळी घरी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांवरही लक्ष ठेवा. लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड थोड्या दिवसांचं, रोज उतरत जाणारं आणि शेवटची तारीख लिहिलेलं असावं, नाहीतर दारूच्या जागी गोळी बसते. दारूसोबत ती घेतली तर श्वास मंदावतो, हे बायकोला आणि भावाला दोघांनाही सांगा. न सांगता भाजीत मिसळायच्या गोळ्यांचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्याला तर जिवावर बेतू शकतं, ती गोळी ज्याची त्याने जाणूनबुजूनच घ्यायची असते. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञ लिव्हर आणि चालू असलेली वेदनेची औषधं पाहून ठरवतील.

वॉर्डात दारू सुटते ती शरीरापुरती. पुढचं काम बाहेर असतं, म्हणून डिस्चार्ज कार्डावर पुढची भेट लिहिलेली असू द्या. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतं, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा अनेक जिल्ह्यांत भरतात, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलतो, व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे. तुमच्या शेतकऱ्याच्या पायातला रॉड काढायला तो पुन्हा येईल तेव्हा फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा: मागच्या वेळी दाखल असताना दारू बंद झाल्यावर दुसऱ्या रात्री भ्रम, नंतर न्यूमोनिया, दाखल होताच फिजिशियनना कळवावे.